काशीच्या पायऱ्या

वाचकहो, काशीस गेलात तर विश्वनाथाचे दर्शन आटोपून पंचगंगा घाटाकडे अवश्य वळा. उभ्या पायऱ्या चढून वर आलात, की ब्रह्माघाट-दुर्गाघाटाचे बोळ लागतात. पेशवाईच्या काळापासून मराठी घराणी येथे नांदली. जुन्या वाड्यांतून आजही मराठी शब्द कानी पडतो. मूलबाळ नसलेली किती तरी माणसे पूर्वी काशीवासासाठी येथे येत. अन्नछत्र, गंगास्नान आणि अखेरीस मणिकर्णिका, एवढीच त्यांची म्हातारपणाची तजवीज असे.

गोदौलियाच्या बाजूस १९५८ मध्ये सुरू झालेले काशीलाभ मुक्तिभवन आहे. मरणोन्मुख माणसास तेथे आसरा मिळतो. पण मुक्काम साधारण पंधरवड्याचा, आणि सोबतीस आप्त हवेत. मृत्यूची सोय झाली. पण त्याआधी अंथरुणावर काढावी लागणारी वर्षे कोठे काढावयाची?

एका वाड्यात नागपूरकडील एक निपुत्रिक आजी भेटल्या. म्हणाल्या, "मरणाची भीती नाही हो, पाय मोडून पडण्याची वाटते." राहते घर त्यांनी पुतण्यास बक्षीसपत्राने देऊन टाकले होते. सांभाळण्याचे वचन तोंडी होते, कागदावर त्याचे अक्षर नव्हते.

ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा तुम्ही जाणून घ्यावा. देखभालीच्या अटीवर मालमत्ता दिली आणि अट पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. अट दस्तात स्पष्ट लिहिलेली बरी. निपुत्रिकाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे, अशा सज्ञान व ऐपतदार वारसाकडे निर्वाहखर्च मागता येतो. माझे मत विचाराल, तर हयातीत घर देऊच नये, मृत्युपत्र करावे.

दुसरी गोष्ट वैद्यकीय इच्छापत्राची. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८ मध्ये मान्य केले आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. शुद्ध हरपल्यास तुमच्या वतीने बोलणारी माणसेही त्यात नेमता येतात. अपत्य नसलेल्यास याहून मोलाचा कागद नाही. तो हातपाय धड असतानाच करावा. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा दूरध्वनी क्रमांकही टिपून ठेवा.

सायंकाळी आजी घाटाच्या तोंडापर्यंत पोहोचवावयास आल्या. खाली मात्र उतरल्या नाहीत. "उतरणे जमते," त्या म्हणाल्या, "वर यायला आता कोणाचा तरी हात लागतो."