डबा वाटून खाऊ नकोस, असे लेकीला सांगताना

गेली पाच वर्षे आमच्या घरात शेंगदाण्याचा डबा नाही. मराठवाड्यातल्या माणसाला याचा अर्थ फोडून सांगायला नको. आमटीला कूट, वांग्याच्या भाजीला कूट, भाकरीसोबत दाण्याची चटणी, एस.टी.च्या प्रवासात गूळ-शेंगदाणे. रोजंदारीवर जाणाऱ्याच्या फडक्यात दुसरे काही नसले तरी चटणी असायचीच. १०० ग्रॅम दाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. आमच्यासारख्यांच्या घरातली पोरे अंगाने भरली ती दूध-तुपावर नाही, या दाण्यावरच भरली. तोच दाणा आमच्या लेकीला विषासारखा आहे.

आम्ही दोघे नवरा-बायको नांदेडला राहतो. आमच्यातला एक रिक्षा चालवतो, दुसरी घरी शिवणकाम करते. माहेर नांदेडचे, सासर लातूरकडचे. लेक चार वर्षांची असताना येळवशीला आम्ही सासरी गेलो होतो. लातूर भागात त्या दिवशी सारे शिवार जेवायला बसते. घरची शेती असो नसो, कुणाच्या तरी शेतातून बोलावणे येतेच. आंबील, बाजरीचे उंडे आणि ती भज्जी! भज्जीत शेंगा-पावट्याचे दाणे, बेसन आणि शेंगदाणेही असतात. लेकीने दोन-तीन घास खाल्ले असतील. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. कुणी म्हणाले पित्त आहे, आमसुलाचे पाणी लावा. आम्हीही लावले. आधी एकदा चिक्की खाऊन असेच झाले होते, तेव्हा एका दवाखान्यात पित्ताचीच गोळी दिली होती. मग तिला उलटी झाली आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मोटारसायकलवर मध्ये बसवून लातूरला आणले. डॉक्टरांनी काही न विचारता आधी मांडीत इंजेक्शन दिले, नंतर विचारले, "पोरीने काय खाल्लं?"

त्या दिवशी जे कळले ते इथे लिहितो, कारण आमसूल लावण्यात आमची जी वीस-पंचवीस मिनिटे गेली ती दुसऱ्या कुणाची जाऊ नयेत. काहींचे शरीर विशिष्ट पदार्थातल्या प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. याला अ‍ॅलर्जी म्हणतात. दूध प्यायल्यावर पोट गुडगुडणे ही बहुधा वेगळी गोष्ट असते, त्यात जीव जात नाही. अ‍ॅलर्जीत मात्र चिमूटभर कूटही पुरते. अंगावर गांधी, त्यासोबत उलटी, श्वास लागणे, आवाज बसणे किंवा पोर एकदम मलूल होणे असे दिसले की पित्ताच्या गोळीची वाट पाहायची नाही. अशा वेळी अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला इलाज, आणि ते मांडीत. लगेच १०८ ला फोन करावा, पोराला आडवे ठेवावे. श्वास लागत असेल तर टेकवून बसवावे, पण उभे करून चालवू नये. आम्हाला डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिले आणि ते द्यायला शिकवले. एक घरी असते, एक शाळेत. रिक्षाच्या डिक्कीत ते ठेवत नाही, आपल्याकडच्या उन्हात औषध टिकत नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या मनाने पथ्य लावू नका. शेजारचे कुणी सांगितले म्हणून दूध, अंडी, गहू सगळे बंद केलेली पोरे आम्ही दवाखान्याच्या रांगेत पाहिली, काडीसारखी झालेली. नांदेडला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे लहान मुलांचे डॉक्टर भेटतात. पोराने काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, हे कागदावर लिहून न्यावे. त्या कागदावाचून नुसत्या तपासणीने निदान होत नाही.

आता डब्याचे. दाणा गेला तेव्हा आम्हाला वाटले, पोर काय खाणार? तेव्हा आजीची जुनी चूल आठवली. आपल्या भागात शेंगदाणा येण्याआधीही माणसे जेवतच होती की! जवसाची चटणी, कारळाची चटणी, करडईचे तेल. घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याचे प्रथिन राहू शकते, म्हणून आम्ही करडईवर आलो. आमटी दाट करायला डाळवे भाजून त्याची पूड घालतो. पण हे आमच्या लेकीपुरते. ज्याला शेंगदाणा चालत नाही त्याला हरभरा, तीळ किंवा सोयाबीन चालेलच असे नाही, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. लातूरच्या सासूबाई एकदा प्रेमाने तिळाचे लाडू घेऊन आल्या आणि आधी विचारायचे राहिले म्हणून हातात धरून तशाच दारात उभ्या राहिल्या. तीळ चालतो म्हटल्यावर आत आल्या.

सोमवारी ज्वारीच्या पिठाचे, मेथी घातलेले धपाटे आणि दही. मंगळवारी उकडलेले अंडे आणि चपाती. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने येतात, आणि सोलून दिले की पोर पटकन खाते. कधी मुगाचे धिरडे, कधी डाळवे घातलेला सुशीला. लहान सुट्टीला फुटाणे-गूळ नाहीतर केळे. ज्यांच्या मुलाला अंडे चालत नाही त्यांनी धिरड्याचे वार वाढवावेत. पुड्यातला खाऊ घ्यायचाच झाला तर मागची बारीक अक्षरे वाचून घेतो. शेंगदाणा, दूध, अंडे, गहू, सोयाबीन, मासे असे काही आत असेल तर ते पुड्यावर छापण्याचे बंधन २०२० च्या नियमांत आहे. सुट्या चिवड्यावर काहीच लिहिलेले नसते, म्हणून तो बंद. आणि रात्री दुसऱ्याच्या घरचे दाणे कुटलेला खलबत्ता आपल्या घरात उसना आणायचा नाही, हेही आम्ही चुकूनच शिकलो.

धाकटा झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, याला तर दाण्याचा वासही नको. डॉक्टर उलटे म्हणाले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, लंडनमधल्या एका अभ्यासात, अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या ज्या बाळांना पहिल्या वर्षातच दाण्याचा पदार्थ नियमाने दिला, त्यांच्यात पुढे ही अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. तपासणी करून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आम्ही धाकट्याला आत्याच्या घरी नेऊन पातळ कूट चाटवायचो. अख्खा दाणा नाही, तो लहान पोराच्या घशात अडकतो. धाकट्याला काही झाले नाही. पोराला परत आणताना त्याचे तोंड, हात, झबले सगळे धुऊन आणायचे. एवढे सोपस्कार!

पण डब्यात काय भरायचे हा प्रश्न लवकर सुटला. डबा कुठे बसून खायचा, हा सुटला नाही.

लेक पहिलीत होती. एके दिवशी घरी आली आणि म्हणाली, "मला व्हरांड्यात बसवलं. वेगळं." बाई चांगल्या होत्या, त्यांनी तिच्या जिवाच्या भीतीनेच तसे केले होते. पण तो शब्द आमच्या घरात कसा पडला, हे या पानाच्या वाचकांना सांगायला हवे का? साताऱ्याच्या शाळेत भिवाला वर्गात वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि शिपाई नसेल तर पाण्यावाचून राहावे लागे. आमच्या आजोबांनीही पाणी वरून ओंजळीत घेतले होते. आम्ही दोघे त्या रात्री जेवलो नाही. सकाळी शाळेत गेलो ते भांडायच्या तयारीनेच.

बाई शांतपणे म्हणाल्या, "काल शेजारच्या मुलाने तिला चटणीचा घास दिला होता. मी हात धरला म्हणून वाचली. मी तरी काय करू?" यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. आम्हीच लेकीला शिकवले होते, एकटे खाऊ नये, वाटून खावे. विहारात चौदा एप्रिलला सारी वस्ती एका पंगतीत बसते. तिथे वाढलेल्या पोरीला आता आम्हीच सांगत होतो, कुणाच्या डब्यातले घेऊ नकोस. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला जे दुसऱ्यांनी सांगितले, ते आपल्याच तोंडून निघते आहे, असे वाटायचे.

वाट काढली ती खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी. शाळेतले जेवण शिजवायला दलित-आदिवासी बायांना प्राधान्य द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २००४ चा आदेश आहे. मावशी आपल्याच वस्तीतल्या. त्या म्हणाल्या, "पोरीला कशाला उठवता? दाणा उठवा की!" खिचडीत चवीला मूठभर दाणे पडायचे ते त्यांनी बंद केले. उसळीसाठी वेगळी पळी ठेवली. ती दाखवताना हसल्या, "आजवर लोकांनी आपलं भांडं वेगळं ठेवलं. ही पळी मी माझ्या मर्जीनं वेगळी ठेवते." जेवणाआधी आणि नंतर सगळ्या वर्गाने साबणाने हात धुवायचे ठरले. नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने दाण्याचा अंश जात नाही, साबणच लागतो. चिक्की वाटायची असली की आदल्या दिवशी निरोप येतो. आणि लेक पंगतीतच बसते, कडेला, शेजारी तिच्या दोन मैत्रिणी. घ्यायचे नाही, पण द्यायला कुणाची मनाई नाही, म्हणून आम्ही तिला दोन धपाटे जास्त देतो.

तरी नुसतेच देणाऱ्या माणसाला मनातून काय वाटते, ते तिने एकदा विचारले. "माझं सगळे खातात. मी कुणाचंच नाही." आम्ही गप्प बसलो.

गेल्या महिन्यात संध्याकाळी फोन आला. लेकीच्या मैत्रिणीची आई. आमच्या समाजातली नाही, गावाकडे त्यांचा वाडा आहे. जरा अडखळतच बोलली, "ताई, उद्या पोरीच्या वाढदिवसाला पुऱ्या करतेय. कढई दोनदा साबणानं घासली. तेल करडईचं नवं फोडलंय. घरात दाणा ठेवलाच नाही आज. आमच्या घरचं तुमच्या लेकीला चालेल का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पीठ कुठून दळून आणले, तिथे दाणे दळतात का, एवढे विचारून घेतले. मग म्हणालो, चालेल.

दुसऱ्या दिवशी डब्यात एकच धपाटा भरला.