पात्याचे पाणी

वडिलोपार्जित म्हणून आमच्या घरी पोलादाच्या ज्या वस्तू आल्या, त्यांत तलवार किंवा कट्यार एकही नव्हती; पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी करणाऱ्या घराण्याचे पराक्रम असावयाचे ते कागदावरच. आल्या त्या एक विळी, एक अडकित्ता आणि मामलेदार कचेरीत हयात घालविलेल्या आजोबांचा बोरू तासण्याचा चाकू. चाकू शेफील्डचा, शिंगाच्या मुठीचा. त्याच्या पात्याच्या बुडाशी रॉजर्सच्या कारखान्याची चांदणी आणि माल्टाचा क्रूस ही जोडखूण भिंगातून अजूनही ओळखता येते. आजोबा मोडी लिहीत, आणि बोरूला तिरका छेद देऊन मधोमध नेमकी चीर पाडण्याचे काम त्या चाकूवर अवलंबून असे. पुढे टाक आले, फाउंटन पेन आले, मोडी दप्तरातून उठली, आणि ज्याला रोज धार लागत असे तो चाकू फडताळात पडून गंजला.

विळीचे नशीब निराळे, कारण तिला विश्रांती अशी कधी मिळालीच नाही. तिला धार लावावयास शिकलगार येई. त्याचे पूर्वज तलवारींना शिकल करणारे. 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने तलवारी परवान्याखाली गेल्यावर अशा किती कसबी हातांना विळ्या-कात्र्यांवर गुजराण करावी लागली असेल, हा विचार त्या वयात मला शिवलाही नाही. मला अप्रूप होते ते चाकावरून उडणाऱ्या ठिणग्यांचे. आजी मात्र पाण्याचे भांडे पुढ्यात ठेवून उभी राही आणि चाक वेग घेऊ लागले की म्हणे, ''अरे बाबा, बुडव आधी, पाणी उतरेल विळीचं!'' तिची ही तक्रार धातुशास्त्राच्या कसोटीला पुरेपूर उतरणारी होती, हे मला फार उशिरा कळले. घासून उजळलेले पोलाद तापत गेले म्हणजे सुमारे 220 अंशांवर फिकट पिवळे दिसते, मग तपकिरी, मग जांभळे, आणि 300 च्या आसपास निळे. धारेवर एकदा का ती निळाई आली, की पाते दिसावयास कितीही देखणे असो, त्याचा कठीणपणा गेलेला असतो, आणि पुन्हा पाणी दिल्याखेरीज तो परत येत नाही.

नोकरीनिमित्त पुण्यास आल्यावर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात गंजलेल्या सुऱ्या आणि मुठी सुटलेले चाकू मला हाका मारू लागले. घरात याला माझा छंद म्हणतात. मोलकरीण अडगळ म्हणते, आणि तिचे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. सुरी रात्रभर घासलेटात ठेवावी, सकाळी चिंचेच्या कोळाने व राखेने चोळावी. तांबडा गंज सुटतो आणि खाली पोलादाचा करडा-काळसर रंग दिसू लागतो. इथे थांबावयाचे. गंजाने पाडलेले बारीक खळगे नाहीसे करावयाचे म्हणजे भोवतालचे निकोप पोलादही तेवढेच खरवडून काढावयाचे, आणि जुन्या दगडी देवळांना तैलरंग फासणाऱ्या जीर्णोद्धारकांची जी हौस, तीच आरशासारख्या चकाकणाऱ्या जुन्या पात्यांत मला दिसते. 1913 साली शेफील्डलाच हॅरी ब्रिअर्ली याने न गंजणारे पोलाद सिद्ध केले. चकाकीच हवी असेल त्याने ते खुशाल घ्यावे.

मूठ सैल असेल तर तिच्या भोकात लाखेची पूड भरून पात्याची शेपटी तापवून आत दाबावी. पाते मात्र तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेले हवे, आजीने सांगितलेल्याच कारणास्तव. मग दगड. पाण्याने भिजविलेल्या दगडावर पाठ किंचित उचलून पाते पुढे सरकवीत राहिले, की काही वेळाने पलीकडच्या अंगाला, अंगठा आडवा फिरविला असता, केसाहूनही बारीक खरखर जाणवते. ती बुडापासून टोकापर्यंत सलग लागली म्हणजेच बाजू पालटावयाची. ही खरखर डोळ्यांना दिसत नाही. शेवटी चामड्यावर उलटे ओढले की ती झडून जाते.

आजोबांच्या चाकूला मी सर्वांत शेवटी हात घातला. सांध्यात तेलाचे थेंब मुरविल्यावर पाते हलू लागले. पण टोक मोडलेले होते, बहुधा कोणीतरी त्याने डब्याचे झाकण उचकटले असावे. असे टोक धारेच्या बाजूने घासून काढले, तर जिच्यासाठी चाकू जपावयाचा ती धारच खर्ची पडते. म्हणून पाठीकडून हलक्या हाताने कानस चालवीत ती उतरती करून धारेस मिळविली. पाते त्यामुळे थोडे आखूड आणि नाकाशी चिंचोळे झाले आहे. मुलीला ते विद्रूप वाटते, पत्नीला काहीच वाटत नाही. बोरू आता घरात नाहीत. सध्या त्याने मी पेन्सिली तासतो व टपालाची पाकिटे फोडतो. लिंबू कापावयास तो स्वयंपाकघरात मागितला जातो, तेव्हा विळीकडे बोट दाखवितो.