लाटंबार्शाच्या पागोळ्या, पणजीची बाग

शहरातल्या बागेसाठी एखादं ध्वनिशिल्प करून घ्यायचं असेल, तर कलाकाराला द्यायचं मागणीपत्र कसं लिहाल? माझी मामेबहीण वास्तुकला शिकवते. तिने हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना घातला होता. काम कल्पित, पण जागा खरी: पणजीचं म्युनिसिपल गार्डन. ध्वनिशिल्प म्हणजे बघण्यापेक्षा ऐकायचं शिल्प. "दादा, स्पीकर, सेन्सर, वायरिंग हे सगळं तू बघ," म्हणत तिने मलाही कामाला लावलं. जुलैत चार दिवसांची रजा काढून मी बंगळूरहून लाटंबार्शाला मामाकडे गेलो होतो. आमची सगळी चर्चा तिथल्या सोप्यावर, पावसाकडे बघत झाली.

लाटंबार्से डिचोली तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. दोडामार्गचा बाजार जवळ, पणजी मात्र अस्नोडा, म्हापसा, पर्वरी करत तासाभरावर. गोवा म्हटल्यावर बंगळूरच्या माझ्या सहकाऱ्यांना जे आठवतं, त्यातलं इथे काहीच नाही. समुद्र नाही, शॅक नाही. काजूचे डोंगर, कुळागरं, भातशेती, आणि कासारपालचं कालिकादेवीचं देऊळ. कासारपाल हे नाव उच्चारलं की मला तरी पितळेवर पडणारी हातोडी ऐकू येते.

या भागाचे आवाज दोनदा बदलले, असं मामा म्हणतो. खाणी जोरात होत्या तेव्हा तालुक्याचा आवाज म्हणजे खनिजाचे ट्रक. पहाटेपासून रांगा, धुळीने लाल झालेली झाडं, आणि फोनवर बोलायचं तर घराच्या मागच्या बाजूला जायचं. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. शांतता आली, पक्षी ऐकू यायला लागले, हे खरंच. पण ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते, त्यांच्या अंगणातली शांतता वेगळी होती. पाहुणा म्हणून आलेल्या माझ्यासारख्याने ‘किती छान शांत आहे’ म्हणताना जरा जपून म्हणावं.

दुसरा बदल सध्या घराघरांत चालू आहे: छपरांचा. मामाचं घर कौलारू आहे. पुढच्या उन्हाळ्यात कौलं उतरवून स्लॅब घालायचं ठरलंय. माकडं कौलं फोडतात, आणि शाकारायला माणूस मिळत नाही. निर्णय बरोबरच आहे, कारण रात्री दोन वाजता उठून गळतीखाली पातेली मामीच ठेवते. पण कौलांवरचा पाऊस एका सुरात पडत नाही. आधी वरून टपटप, मग सरसर, आणि पाऊस थांबला तरी पंधरा मिनिटं पागोळ्या चालूच. पत्र्यावर नुसता गोंगाट होतो, आणि स्लॅबवर तर पाऊस लागतोय हेच खिडकीतून बघावं लागतं. संध्याकाळी मामी कान देऊन म्हणाली, "आयक, बेबे रडूंक लागले, पावस येतलो." बेबे म्हणजे बेडूक. ॲपपेक्षा तिचा अंदाज बरोबर निघाला. मी मुलीला तो पाऊस ऐकवायला व्हिडिओ कॉल लावला, तर कॉलच्या सॉफ्टवेअरने पावसाला ‘नको असलेला आवाज’ समजून गाळून टाकलं. तिला फक्त माझंच बोलणं ऐकू आलं.

आता मामेबहिणीची मूळ कल्पना ऐका. या घराचा शेवटचा पावसाळा चांगल्या मायक्रोफोनने टिपायचा, सोबत बेडूक, रातकिडे, देवळातली आरती, आणि हे सगळं बागेतल्या झाडांमध्ये लपवलेल्या स्पीकरमधून ऐकवायचं. ऐकायला फार गोड वाटतं. मी विरोध केला.

तांत्रिक अडचणी सांगणं सोपं होतं. गोव्यात वर्षाला जवळपास 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. बाहेरच्या स्पीकरमध्ये आधी दमट हवा शिरते, मग मुंग्या. बिघाड झाला तर रात्री कोणाला फोन करायचा, हे मागणीपत्रात लिहावंच लागेल. शिवाय 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत: निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, रात्र म्हणजे दहा ते सहा. शाळा, इस्पितळ, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचा शांतता क्षेत्राचा नियम वेगळा. हे सगळं सांभाळता येईल. पण माझी खरी हरकत वेगळी होती. जुलैत पणजीतही पाऊस पडतो. खऱ्या पावसात उभं राहून रेकॉर्ड केलेला पाऊस कशाला ऐकायचा? आणि डिसेंबरात पाहुण्यांना ऐकवायचा, तर लाटंबार्से एक देखावा होईल. तिथे दोन मिनिटं थांबून सेल्फी काढायची आणि पुढे जायचं.

शिवाय ती बाग मुकी नाही. तिला गार्सिया द ओर्ता या वैद्याचं नाव आहे. त्याचं इथल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. मध्ये बँडस्टँड आहे, आणि जवळच पणजीचं पांढरं चर्च. त्या चर्चची घंटा मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातली. मठ पडला, घंटा फिरत फिरत 1871 मध्ये इथे येऊन टांगली गेली. मराठी मुलखाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर 1721 साल कोरलंय, आणि ती वसईच्या विजयानंतर तिथे आली. घंटा जागा बदलते, धर्मही बदलते, पण नव्या जागीही ती स्वतः वाजते. तिची ध्वनिफीत तिथे नेलेली नसते.

जगातली मला आवडलेली कामंही अशीच आहेत. क्रोएशियातल्या झादार शहरात निकोला बाशिच या वास्तुविशारदाने 2005 मध्ये किनाऱ्याच्या पायऱ्यांखाली 35 नळ्या बसवल्या. लाटा आत हवा ढकलतात आणि पायऱ्या वाजतात. वीज नाही, स्पीकर नाही. याच्या उलट, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मॅक्स नॉयहाउसने 1977 मध्ये रस्त्यातल्या जाळीखाली यंत्र बसवून एक घुमणारा नाद सुरू केला. तो 1992 मध्ये बंद पडला आणि 2002 मध्ये पुन्हा सुरू झाला. मधली दहा वर्षं तिथे फक्त जाळी होती. विजेवर चालणारं काम करून घेणाऱ्याने हे आकडे आपल्या टेबलासमोर लावून ठेवावेत.

मग आम्ही घुमटाकडे वळलो. घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं असतं, आणि लहान तोंड हाताने झाकत-उघडत नाद बदलतात. पूर्वी चामडं घोरपडीचं असे. वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आली, आता बकऱ्याचं वापरतात, आणि 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. भांडं घडवतो तो कुंभार, आणि डिचोलीचे कुंभार आजही काम करतात.

आमच्या मागणीपत्रात म्हणून एवढंच आलं: बागेतल्या एका कडेला उतरतं कौलारू छप्पर, माणसाच्या उंचीचं. कौलं मामाच्या घरची, नाहीतरी ती उतरायचीच आहेत. पागोळ्यांच्या रेषेखाली वेगवेगळ्या आकारांची, घुमटासारखी लहान तोंडं असलेली मडकी, तळाशी पाणी जायला भोक ठेवून. कुठलं मडकं कुठल्या सुरात ठेवायचं, ते कलाकाराने ठरवायचं. मुलांनी तोंडं झाकून नाद बदलला तर बदलू द्यायचा. ‘हात लावू नये’ ही पाटी नाही.

मामेबहिणीचा आक्षेप रास्त होता: पणजीत कला बघायला लोक येतात ते डिसेंबरात. 2016 पासून सेरेंडिपिटी महोत्सव तेव्हाच भरतो. आमचं शिल्प त्या दिवसांत मुकं असणार. मी म्हटलं, असू दे. जूनमध्ये शाळा सुटल्यावर छत्री घेऊन बागेतून घरी जाणाऱ्या पोरांसाठी ते आहे. ती पूर्णपणे पटलेली नाही. विद्यार्थ्यांपुढे तिने दोन्ही आराखडे ठेवलेत.

एका कलमावर मात्र आमचं लगेच जमलं. मडकी फुटणार. म्हणून एकदाच मोठा खर्च करण्याऐवजी कुंभाराला दरवर्षीचं काम नेमून द्यायचं, देवळांतून वाजंत्र्यांची सेवा नेमलेली असे तसं. पैसे महापालिकेच्या देखभालीच्या खात्यातून. आणि मागणी मार्चच्या आत गेली पाहिजे, कारण पाऊस लागल्यावर माती वाळत नाही.