चेतक, लँब्रेटा, लूना : टिकली कोणती आणि कशामुळे?

१९७२ हे साल महाराष्ट्राच्या स्मरणात दुष्काळाचे म्हणून राहिले आहे. त्याच वर्षी आकुर्डीच्या कारखान्यातून 'चेतक' बाहेर पडली, फिरोदियांच्या कायनेटिकची 'लूना' रस्त्यावर आली, लखनौला स्कूटर्स इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणही जन्माला आले. दुष्काळाने गाव सोडायला लावलेली माणसे कारखान्यांच्या भोंग्याकडे निघाली होती. त्यांच्यासाठी घर ही पहिली गरज होती, दुसरी सायकल, आणि स्कूटर हे स्वप्न.

निगडी-आकुर्डीच्या पेठांमधील जुन्या घरांत आजही एक वाद हमखास रंगतो. टिकायला कोणती चांगली, बजाज की लँब्रेटा? लूना खरी काटक की कायनेटिक होंडा? उत्तरे ठाम असतात आणि बहुधा ज्याच्या घरी जी गाडी होती तिच्या बाजूची असतात. वाद वरवर करमणुकीचा वाटतो. पण ज्या पिढीने एका गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिला चुकीची निवड परवडणारी नव्हती. म्हणून हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने नीट तपासण्याजोगा आहे.

त्यासाठी प्रथम इटलीत जावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने बनवणाऱ्या पियाज्जो कंपनीला नवा धंदा हवा होता. कोरादिनो दास्कानियो हा तिचा अभियंता विमानविद्येतला. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. त्याने १९४६ साली व्हेस्पा रेखाटली ती विमानाच्या धर्तीवर. तिला वेगळा सांगाडा नव्हता. दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे कवचच सारा भार पेलत होते. पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरलेले होते. मिलानच्या फेर्दिनांदो इनोचेन्तीचा धंदा पोलादी नळ्यांचा. साहजिकच १९४७ सालची त्याची लँब्रेटा नळीच्या सांगाड्यावर उभी राहिली आणि पुढे तिच्यावर पत्र्याची कवचे चढली. एकाच गरजेची ही दोन उत्तरे, आणि दोन्ही आपापल्या धंद्याच्या सवयीतून आलेली.

ही दोन्ही उत्तरे भारतात पोचली. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लँब्रेटा जोडायला आणि मग बनवायला घेतली. पुढे तिलाच 'लँबी' हे नाव मिळाले. बजाज समूहाच्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून दुचाकी-तीनचाकी आयात करून विकल्या, १९५९ साली उत्पादनाचा परवाना मिळवला आणि पियाज्जोशी करार करून व्हेस्पा १५० घडवायला सुरुवात केली. हा करार १९७१ साली संपला. सरकारी धोरणामुळे तो वाढवता आला नाही, तेव्हा कारखाना तोच राहिला आणि गाडीवरचे नाव बदलले. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिळालेली चेतक ही मुळात व्हेस्पा स्प्रिंटची वंशज आहे. पुढे १९७५ साली राज्य सरकारच्या महामंडळासह साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली आणि तिथून 'प्रिया' येऊ लागली.

आता तुलना. पत्र्याचे कवच हलके आणि ताठ असते, पण त्याचा शत्रू गंज. पाय ठेवायच्या जागी रबरी मॅटखाली पावसाचे पाणी साचे आणि पत्रा आतून खाल्ला जाई. कोकणात खारी हवा या कामाला आणखी हातभार लावी. कवच हाच सांगाडा असल्यामुळे तळ गंजणे म्हणजे गाडीचा कणा गंजणे. लँब्रेटाचा पत्रा गंजला तरी नळी शाबूत राही. तिच्या दोन्ही बाजूंची कवचे काढता येत, त्यामुळे यंत्राला दोन्हीकडून हात घालता येई. या एका बाबतीत लँब्रेटावाल्यांचे म्हणणे खरे मानले पाहिजे.

यंत्राच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. व्हेस्पाच्या कुळात इंजिन, गियर आणि मागचे चाक एकाच गोळ्यात बसवलेले. मध्ये साखळी नाही. लँब्रेटाच्या पेटीत साखळी होती आणि साखळी म्हटली की ती झिजणार, सैल पडणार. चेतकचे सुमारे १४५ घन सेंटीमीटरचे दोन-फटक्यांचे इंजिन तर इतके साधे की त्यात झडपाच नाहीत. पेट्रोलात मिसळलेले तेल जळून काजळी धरे, प्लग काळा पडे, सायलेन्सर तुंबे. ही दुखणी खरी. पण ती घरच्या घरी, पान्याने आणि पॉलिशपेपरने बरी होणारी होती. सकाळी गाडी एका बाजूला कलती करून मग किक मारणारा गृहस्थ हे दृश्य त्या काळच्या प्रत्येक गल्लीत दिसे. एकाच बाजूला बसवलेल्या इंजिनामुळे गाडीचा तोल थोडा उजवीकडे झुके, आणि तीवर शिकलेल्या माणसाला सरळ तोलाची गाडी पुढे बराच काळ परकी वाटे!

शिवाय चाके. दोन्ही चाके एकाच मापाची, रिम दोन तुकड्यांची आणि नटबोल्टने जोडलेली, पाठीशी एक स्टेपनी. पंक्चर झाले तर खंबाटकीच्या घाटातही पंधरा मिनिटांत गाडी पुन्हा चालती.

लूना हे निराळेच प्रकरण. पन्नास घन सेंटीमीटरचे इंजिन, सायकलसारखे पेडल, अहमदनगरच्या कारखान्यातली पैदास. तिच्यात मोडण्याजोगे मुळात फारसे काही नव्हते. कायनेटिक होंडा १९८०च्या दशकात आली ती गियर नसलेली आणि बटणाने सुरू होणारी, चालवायला सर्वांत सुखाची. पण तिची सारी चाल रबरी पट्ट्यावर अवलंबून होती. पट्टा ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागे, आणि तो गल्लीच्या कोपऱ्यावर मिळेलच असे नसे.

धातू दमतो कसा, हे एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले होते. एका मोठ्या धक्क्याने न तुटणारा पोलादी आस लहान धक्के लक्षावधी वेळा बसले की तुटतो. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत वाहनांच्या सहनशक्तीच्या चाचण्या याच तत्त्वावर चालतात. गंजाची पारख करायला सुटे भाग मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवतात. प्रयोगशाळा एवढे सांगू शकते की अमुक भाग अमुक वेळा हादरला की जाईल. तो गेल्यावर माणूस काय करील, ते तिच्या कक्षेबाहेरचे.

आणि इथेच चेतकच्या दीर्घायुष्याची खरी मेख आहे. भोसरी-चिंचवडच्या लहान-मोठ्या कारखान्यांतून सुटे भाग बनत होते. क्लच वायर, पिस्टन रिंग, ब्रेक शू कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळे. वडाच्या झाडाखाली बसलेल्या मेस्त्रीला तिची सारी रचना पाठ होती. ज्या गाडीची दुरुस्ती दहा ठिकाणी होते, ती एका ठिकाणी उत्तम दुरुस्त होणाऱ्या गाडीपेक्षा जास्त जगते. लँब्रेटाची नळी कितीही मजबूत असली तरी सुटा भाग मिळेनासा झाला की ती अंगणात उभीच राही.

दुसरे कारण अधिक कडू आहे. परवानापद्धतीत कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवी. चेतकसाठी नाव नोंदवून दहा-दहा वर्षे थांबावे लागे, परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र ती लवकर मिळे, आणि वापरलेली गाडी नव्या किमतीपेक्षा महाग विकली जाई. मुलाच्या जन्माच्या सुमारास नोंदवलेली गाडी त्याच्या शाळेच्या वयात दारी येई. अशी गाडी कोण भंगारात काढील? पत्रा गंजला की जोड देत, इंजिन बसले की पुन्हा बोअर करत, आणि बापाची गाडी मुलगा चालवी. ज्याला आज चेतकचा टिकाऊपणा म्हणतात, त्याचा मोठा हिस्सा मालकाच्या नाइलाजाचा होता. हे बोलणे चेतकप्रेमींना रुचणार नाही. पण तिला कमी लेखण्याचा त्यात हेतू नाही. नाइलाजाने जपायचीच, तर जपता येण्याजोगी गाडी हाती असावी लागते आणि ती तशी होती.

आणखी एक सावधगिरी. शनिवारवाडा पाहणाऱ्याला वाटते की पेशव्यांनी सारे दगडातच बांधले. लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले, हे ध्यानात राहत नाही. आज रस्त्यावर दिसणाऱ्या चेतक या वाचलेल्या चेतक आहेत. भंगारात वितळलेल्या हजारो गाड्यांची साक्ष कुणी काढत नाही. त्यातच १९८९ च्या 'हमारा बजाज' या जाहिरातीने गाडीला कुटुंबाच्या आठवणीत असे स्थान दिले की तिथे तक्रारीला वावच उरला नाही.

निकाल द्यायचाच झाला तर तो असा देता येईल. सांगाड्यात लँब्रेटा, साधेपणात लूना, आणि सर्व मिळून, म्हणजे यंत्र, सुटे भाग व मेस्त्री यांची बेरीज धरून, चेतक. कायनेटिक होंडा या शर्यतीत मागे पडते, पण पुढच्या काळाचा अंदाज तिलाच आला होता. एकविसाव्या शतकात बिनगियरच्या गाड्यांनी स्कूटरचा बाजार व्यापला, प्रदूषणाचे नियम कडक झाले, आणि २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटरचा धंदाच सोडत असल्याचे जाहीर केले.

दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, तेच नाव विजेवर चालणाऱ्या गाडीवर परत आले. तिचे उत्पादन चाकणला सुरू झाले आणि जून २०२२ मध्ये, राहुल बजाज यांच्या निधनानंतर चार महिन्यांनी, जुन्या आकुर्डीच्या आवारात तिच्यासाठी नवा कारखाना उघडला. प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या बहुतांशी प्लास्टिकच्या असताना हिचे अंग मात्र पोलादी पत्र्याचे ठेवले आहे. टायर ट्यूबलेस आहेत. २०२० साली विक्रीला आली तेव्हा तिच्या बॅटरीची हमी तीन वर्षे किंवा ५०,००० किलोमीटर अशी होती. पत्र्याला जोड देणारे मेस्त्री निगडीत अजून आहेत. बॅटरी उघडायची त्यांना परवानगी नाही.