क्योतोतील वर्गवाटप

क्योतो हे शहर चौकटींच्या वहीवर आखल्यासारखे आहे. इ.स. ७९४ मध्ये राजधानी म्हणून ते वसविताना चीनच्या तत्कालीन राजधानीचा आराखडा डोळ्यांसमोर ठेवून उभे-आडवे रस्ते काढले गेले. आजही जुन्या भागात पत्ता सांगताना कोणते दोन रस्ते जेथे मिळतात तेथून ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढे सांगितले की पुरते. वर म्हणजे उत्तर, खाली म्हणजे दक्षिण. प्रत्येक गोष्टीला नेमकी जागा असावी हा येथील स्वभावच आहे. परदेशातून शिकावयास आलेल्या विद्यार्थ्यालाही मग प्रथम त्याची जागा नेमून दिली जाते. त्या विधीला जपानीत ‘कुरासु-वाके’ म्हणतात. ‘वाके’ म्हणजे विभागणी. आपण त्याला वर्गवाटप म्हणू.

पुण्याच्या महाविद्यालयातून एका वर्षासाठी मी येथे आले ती सप्टेंबरच्या अखेरीस. कामो नदीच्या काठची झाडे अजून हिरवी होती. सत्र ऑक्टोबरात सुरू होणार होते आणि तत्पूर्वी एक संपूर्ण दिवस परीक्षेचा होता: सकाळी संगणकावर व्याकरण व शब्दसंपदा, मग कांजी अर्थात चित्राक्षरे, दुपारी दहा मिनिटांची मुलाखत. वर्ग आठ होते. भारतात मिळविलेल्या प्रमाणपत्राकडे कोणी पाहिलेही नाही, आणि ते मला योग्यच वाटले.

व्याकरणाच्या बाबतीत मराठी माणूस जपानीत फारसा परका नसतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. शब्दामागे प्रत्यय लागतात: ‘क्योतो कारा’ म्हणजे क्योतोहून, ‘क्योतो मादे’ म्हणजे क्योतोपर्यंत. त्याहून मौजेची गोष्ट संयुक्त क्रियापदांची. ‘शिते मिरु’ म्हणजे शब्दशः करून पाहणे, ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे, ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे. शेजारी बसलेल्या युरोपीय विद्यार्थ्यांना ‘पाहणे’ हे क्रियापद ‘करणे’च्या मागे का यावे हे समजावून घ्यावे लागत होते, आपण तर बालपणापासून तसेच बोलतो.

कांजीच्या परीक्षेत मात्र हे सारे भांडवल निरुपयोगी ठरते. नित्य वापरासाठी शासनाने २०१० मध्ये निश्चित केलेल्या यादीत २,१३६ अक्षरे आहेत. त्यांपैकी १,०२६ जपानी मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांतच शिकतात. मी साडेसहाशेच्या आसपास शिकून आले होते. एकाच अक्षराची अनेक उच्चारणे असतात. ‘जीव’ या अर्थाचे अक्षर घ्या: ते कोठे ‘सेइ’, कोठे ‘श्यो’, जगणे या क्रियापदात ‘इ’, जन्मणे या क्रियापदात ‘उ’ आणि ‘कच्चे’ या अर्थी ‘नामा’ असे वाचले जाते. चीनमधून आलेले विद्यार्थी उच्चार ठाऊक नसतानाही वर्तमानपत्राचा अर्थ लावीत होते. त्यांच्यासारख्यांमुळेच येथे व्याकरणाचे वर्ग व कांजीचे वर्ग वेगळे ठेवलेले असतात.

मुलाखतीत प्रश्न साधे होते. कोठून आलात, किती दिवस जपानी शिकता, आणि मग येथील नेहमीचा प्रश्न: काही न खाण्यासारखे आहे का? या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी उत्तर ‘ताबेरारेमासेन’, म्हणजे ‘खाता येत नाही’. ते सौम्य असते, ऐकणाऱ्याला अवघडवीत नाही, आणि बहुतेक जण तेच देतात. मला ते देववेना. मांस-मासे खाता येत नाहीत असे नाही. मी ते खात नाही. जपानीत यासाठी दोन रचना आहेत. ‘कोतो नि नात्ते इमासु’ म्हटले की तो नियम बाहेरून आलेला असतो: संस्थेचा, कायद्याचा, रूढीचा. ‘कोतो नि शिते इमासु’ म्हटले की तो मी माझ्यापुरता ठरवून पाळीत असते. मी दुसरी रचना वापरली. समोरच्या शिक्षिकेने पेन खाली ठेवून विचारले, “पण हा तुमच्या धर्माचा नियम आहे ना? मग पहिली रचना नको का?”

प्रश्न व्याकरणाचा होता, तरी तो थेट श्रावकाचारापाशी येऊन ठेपला. आपल्या घरात जन्मल्याने अन्नाच्या काही सवयी आपोआप लागतात हे खरे. परंतु व्रत जन्माने मिळत नाही, ते घ्यावे लागते. आजीने चातुर्मासात एखाद्या वस्तूचा त्याग केला की ती मुनिमहाराजांसमोर हात जोडून नियम घेई. तो तिच्यावर कोणी लादलेला नसे. तुटपुंज्या शब्दांत मी एवढेच सांगितले की धर्म मार्ग दाखवितो, पण नियम मी स्वतः घेतला आहे, म्हणून ‘शिते इमासु’. शिक्षिका हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि कंदमुळांविषयी विचारले. जमिनीखालचा मुळा, बटाटा, गाजर का वर्ज्य, हे जपानीत सांगताना माझी दहा मिनिटे संपली.

तिसऱ्या दिवशी निकाल आला. व्याकरण व संभाषण: पाचवा वर्ग. कांजी: दुसरा.

येथून खरी अडचण सुरू झाली. पाचव्या वर्गाचा मंगळवारचा तास आणि दुसऱ्या कांजी वर्गाचा तास एकाच वेळी होते. कार्यालयातील गृहस्थ अत्यंत विनयाने म्हणाले की चौथ्या वर्गात बसावे. तेथे वेळापत्रक जुळते, श्रेयांकही पूर्ण मिळतात. पाचवा वर्ग धरला तर कांजीचे दोन श्रेयांक सोडावे लागणार होते आणि पुण्याच्या महाविद्यालयाला ते हवे होते. उलट, पाचवा वर्ग उत्तीर्ण झाल्याशिवाय वसंत सत्रात जपानी माध्यमातील धर्मेतिहासाच्या व्याख्यानांना प्रवेश नव्हता. त्यासाठीच तर मी इतक्या दूर आले होते. ज्या व्यवस्थेने मला दोन निरनिराळ्या पायऱ्यांवर उभे केले, तिलाच माझे दोन पाय एका पायरीवर हवे होते, हे मला अन्यायाचे वाटले, अजूनही वाटते. बदलासाठी आठवड्याची मुदत होती.

त्या आठवड्यात २१ तारीख नव्हती, त्यामुळे तोजी मंदिराची प्रसिद्ध मासिक जत्रा मला मिळाली नाही. पण ओस अंगण मिळाले. तोजी हे शिंगोन पंथाचे मंदिर, सुमारे पंचावन्न मीटर उंचीच्या पाच मजली लाकडी मनोऱ्याचे. इ.स. ८२३ मध्ये ते कूकाई या भिक्षूच्या स्वाधीन झाले. त्याआधी, ८०६ मध्ये, चीनहून परतताना त्याने आपल्यासोबत सिद्धं लिपीतील मंत्रग्रंथ आणले होते. ही ब्राह्मीपासून निघालेली भारतीय लिपी. भारतात ती केव्हाच लोपली, जपानात मंत्रांसाठी ती आजही लिहिली जाते. क्योतोच्या स्मशानभूमींत थडग्यांमागे उभ्या केलेल्या उंच फळ्यांना ‘सोतोबा’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला ‘स्तूप’. त्यांवर वरून खाली ख, ह, र, व, अ ही पंचमहाभूतांची बीजाक्षरे असतात. ती ओळखू येण्यास वेळ लागतो, पण येतात.

या लिपीच्या अभ्यासातूनच जपानी वर्णमालेचा क्रम लागला: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ‘हा’ची ओळ प्राचीन काळी ‘पा’ उच्चारली जाई हे ध्यानात घेतले, की हा क्रम आपल्याच पाटीवरचा दिसू लागतो. आपल्याकडे पूर्वी पाठशाळेत मूल पहिल्यांदा ‘ओम् नमः सिद्धम्’ गिरवीत असे. मराठीतील ‘ओनामा’ शब्द त्याचाच अवशेष. सिद्धांना केलेले ते वंदन आपल्या घरांतून आजही रोज होते. तेच ‘सिद्धं’ नाव घेतलेली लिपी समुद्रापलीकडच्या फळ्यांवर भेटावी, याचा आनंद मी त्या दिवशी एकटीनेच उपभोगला.

आठवड्याच्या शेवटी मी पाचवा वर्ग घेतला आणि दोन श्रेयांक सोडले. कांजीसाठी रात्रीचा एक तास ठेवला. दिवसाला आठ अक्षरे.

दिवाळीत वीरनिर्वाणाच्या दिवशी कोबेला गेले. आगगाडीने पाऊण-एक तासाचा प्रवास. बंदरामागे डोंगराच्या उतारावर कितानो हा भाग आहे. जुन्या परदेशी व्यापाऱ्यांची घरे येथेच. १९२३ च्या महाभूकंपानंतर योकोहामाहून अनेक भारतीय व्यापारी कोबेला आले, पुढे मोत्यांच्या व्यापारात जैन कुटुंबे येथे स्थिरावली आणि १९८५ मध्ये भगवान महावीरस्वामींचे पांढऱ्या संगमरवराचे मंदिर उभे राहिले. ते श्वेतांबर आम्नायाचे. मी दिगंबर घरातली. दारात कोणी विचारले नाही.

दर्शनानंतर एका वयस्क गुजराती बाईंनी जवळ बसवून घेतले. त्या लग्न होऊन येथे आल्या, त्याला चाळीस वर्षे झाली. फोनवर त्या भाजीवाल्याशी कोबेच्या ठसक्यात इतक्या सहज बोलल्या, की आमच्या आठव्या वर्गातलाही कोणी तसे बोलत नसेल. “वाचता येते का, बेन?” मी विचारले. “अक्षर एक नाही येत,” त्या म्हणाल्या. “डब्यावर मासळीचा अर्क आहे की नाही, तेवढे ओळखते.” पर्समधून त्यांनी जुनी चिठ्ठी काढली. मुलाने कधीतरी मोठ्या अक्षरांत लिहून दिलेले तीन-चार शब्द होते: मासा, मांस, अंडे, लसूण. घडीवर कागद झिजला होता.

मी तो उतरवून घेतला. त्यांतली दोन अक्षरे मला नवीन होती. परतीच्या गाडीत ती गिरवीत बसले. त्या दिवसाची उरलेली सहा घरी गेल्यावर पूर्ण केली.