दोन्ही शब्द बरोबर

'मंदिर'चं 'मंदीर' झालेलं मुद्रितात चटकन दिसतं. तसा शब्दच नाही, त्यामुळे नजर अडते. माझं खरं काम त्यानंतर सुरू होतं, जिथे चुकीचा शब्दही मराठीतला रीतसर शब्द असतो.

कर्णाला 'सुतपुत्र' म्हणून छापलेलं अनेकदा हाती येतं. सूत म्हणजे सारथी. अधिरथाच्या घरी वाढला म्हणून कर्ण सूतपुत्र. पहिला उकार पडला की सुत म्हणजे मुलगा, आणि सुतपुत्र म्हणजे चक्क नातू! ज्या शब्दाने त्याला जन्मभर हिणवलं, त्यातला सगळा डंख त्या उकाराबरोबर जातो. संगणकाला यात काही वावगं दिसत नाही. सुत त्याच्या कोशात आहे, पुत्रही आहे.

इथे कानाचीही मदत नाही. बोलताना आपण 'दिन' आणि 'दीन' सारखेच उच्चारतो. म्हणून मूळ प्रत वाचून दाखवणाऱ्याने 'दुसरी वेलांटी', 'पहिला उकार' असं बोलूनच वाचायला हवं, असा माझा आग्रह असतो.

विभक्ती लागली की गुंता वाढतो. चरख्यावरचं सूत मराठी वळणाने 'सुताचं' होतं, पण सारथी सूत तत्सम, म्हणून तो 'सूताचा'च राहतो. गाण्यातला सूर आणि देव या अर्थाचा सुर मात्र 'सुरांचा' या रूपात एक होतात. तिथे नियम हात टेकतो आणि आख्खं वाक्य वाचावं लागतं.

लग्नपत्रिकेतलं 'पाणीग्रहण' मला फार खुपतं. पाणि म्हणजे हात. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी 'कवि'चा 'कवी' केला, हे सर्वांच्या लक्षात राहिलं; समासाच्या पूर्वपदात तो ऱ्हस्वच राहतो, 'कविराज'सारखा, हे राहिलं नाही. हात हाती घेण्याच्या विधीत मग पाणी शिरतं.

शेवटचं वाचन मी पेन्सिल बाजूला ठेवून करते, फक्त अर्थासाठी. 'शिक्षकांचा सत्कार' असं आलं की थांबते. अनुस्वार अनेकवचनाचा की आदराचा? आजूबाजूच्या मजकुरातून उलगडलं नाही, तर लेखकाला फोन करून विचारते: सत्कार किती जणांचा होता?