दोन मिनिटं आणि बारा तास

रात्री साडेअकराला आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्यात उभं राहिलात, तर कोणत्या रूममध्ये अभ्यास चालू आहे हे नुसत्या वासावरून सांगता येतं. अभ्यास म्हणजे मॅगी. केटल वापरायला बंदी आहे, त्यामुळे आमच्याकडे केटल नाही. (रेक्टर सरांनी एवढा एक परिच्छेद सोडून पुढे वाचावं, ही नम्र विनंती.) तर जी केटल आमच्याकडे नाही, तिच्यात एका वेळी तीन पाकिटं बसतात. चौथं घातलं की पाणी उतू जातं, एमसीबी पडतो आणि अंधारात अख्खी विंग दारं उघडून एकाच माणसाच्या नावानं शंख करते.

तो माणूस मी. सेकंड इयरच्या पी.एल.मध्ये मी रोज रात्री दोन पाकिटं खायचो, ओरल्सच्या आठवड्यात तीन. मसाल्याची पुडी पूर्ण रिकामी करायची आणि पुडीच्या कोपऱ्यात उरलेलं तळहातावर झटकून चाटायचं. हे लिहिताना आता कसंतरीच वाटतं, पण तेव्हा तो दिवसातला सगळ्यात चांगला क्षण असायचा.

त्याच दिवसांत दर रविवारी मी घरी फोन करून बाबांना झापायचो. आम्ही गडहिंग्लजकडचे, बाबा एस.टी.त ड्रायव्हर. बी.पी. वाढत गेलं तसं त्यांना स्टिअरिंगवरून उतरावं लागलं आणि डेपोत बसकं काम आलं. ज्या माणसानं बावीस वर्षं घाट चढवले, त्याला टेबलाशी बसलेलं बघणं आम्हाला घरी कुणालाच जमलं नाही. डॉक्टरांनी लोणचं, पापड, खारे शेंगदाणे बंद केलेले. बरणीतल्या फोडी आपोआप कमी होतायत, अशी आईची फोनवर तक्रार असायची. मग मी तावातावानं, "बाबा, मीठ म्हणजे तुम्हाला विष आहे, कळतंय का?" आणि फोन ठेवला की थेट नसलेल्या केटलकडे.

थर्ड इयरनंतर ओसाकाच्या एका लॅबमध्ये सहा आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली. त्याच्या फॉर्मला मेडिकल लागायचं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, बघितलं, काही बोलले नाहीत. पाच मिनिटं बसवून पुन्हा बांधला. १४८/९४.

"घरात कोणाला आहे?"

"बाबांना."

"तुझं वय?"

"वीस."

"रात्री काय खातोस?"

"मेस," मी म्हणालो. पूर्ण खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. त्यांनी सही केली, मीठ कमी करायला आणि दर आठवड्याला बी.पी. बघायला सांगितलं. घरी मी फक्त सही झाल्याचं कळवलं.

विमानात माझं गणित सोपं होतं. पाकिटातलं वाईट, दुकानातलं ताजं, म्हणजे चांगलं. आता जपानमध्ये सहा आठवडे खरं रामेन खायचं आणि आकडा खाली आणायचा!

पहिल्याच शुक्रवारी लॅबमधले एक सिनियर मला स्टेशनजवळच्या दुकानात घेऊन गेले. नऊ स्टुलं, एक काउंटर, दाराशी तिकिटाचं मशीन. पैसे टाका, बटण दाबा, चिठ्ठी काउंटरवर ठेवा. मी डुकराचं खात नाही म्हटल्यावर त्यांनी मुद्दाम 'तोरी पाइतान'वालं दुकान शोधलं होतं. म्हणजे कोंबडीच्या हाडांचा पांढरा रस्सा. बाऊल समोर आला आणि मी एकदम कोल्हापुरात! दिसायला हुबेहूब आपला पांढरा रस्सा. फक्त यात ना नारळाचं दूध, ना खसखस. हाडं तासन्‌तास, काही दुकानांत तर दहा-बारा तास रटरटत ठेवतात. हाडांतलं जिलेटिन आणि चरबी त्या उकळीत पाण्यात इतकी बारीक मिसळते की सगळंच दुधासारखं होतं. केमिकलवाल्यांनो, इमल्शन.

नूडल्सची गंमत वेगळीच. त्या पिवळसर दिसतात, म्हणून मला वाटलं अंडं असणार. तर ते 'कान्सुई', म्हणजे पिठात घातलेले सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट. अहो, हा तर आमच्या आईचा पापडखार! खारामुळे पीठ चिवट होतं, रंग चढतो आणि दाताला ती लवचीक कुरबूर लागते. सूपमध्ये फार वेळ राहिल्या तर मऊ पडतात, म्हणून तिथे गप्पा मारत खात नाहीत. आवाज करत, भुरके मारत, दहा मिनिटांत उठायचं. माझ्या आजीला हा देश आवडला असता, ती चहा असाच पिते.

चवीच्या बाबतीत मी इथेच निकाल देऊन टाकतो. दोन मिनिटांचं बारा तासांपुढे टिकत नाही. मॅगीत पहिल्या घासाला जे कळतं तेच शेवटच्या घासाला कळतं. त्या बाऊलमध्ये आधी कांद्याची पात, मग चिकन, मग मुरवलेलं अर्धवट उकडलेलं अंडं, आणि तळाशी जाऊन सूप आणखीनच दाट. वर भाजी, प्रथिनं असं काहीतरी पोटात जातं. पाकिटात मैदा, तेल आणि पुडी.

मी बाऊल उचलून शेवटचा थेंबही प्यायलो. पानात टाकायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. शेजारी बघतो तर सिनियरांच्या बाऊलमध्ये निम्मं सूप तसंच.

"आवडलं नाही?" मी इंग्रजीत विचारलं.

ते हसले. मालकाकडे बोट करून म्हणाले, नीट बघ. मालक रिकाम्या बाऊलमध्ये आधी एक पळी काळसर काहीतरी ओतत होता आणि मग त्यावर पांढरा रस्सा. ती पळी म्हणजे 'तारे'. सोया सॉस, मीठ आणि दुकानाचं काय असेल ते गुपित. बारा तास उकळलेल्या रश्श्यात मीठ जवळजवळ नसतंच, सगळा खारटपणा त्या पळीत.

म्हणजे मसाल्याची पुडीच की! फक्त पळीतून आलेली.

त्या रात्री मी खोलीवर जाऊन दुकानातून आणलेल्या कप नूडल्सचं लेबल वाचलं. तिकडे मिठाचा आकडा सरळ ग्रॅममध्ये छापतात, आणि नूडल्समध्ये किती, सूपमध्ये किती तेही वेगळं. एका कपात जवळपास पाच ग्रॅम, त्यातलं निम्मं सूपमध्ये. दुकानातल्या बाऊलचं सूप संपवलं तर साधारण सहा ग्रॅम, कधी त्याहून जास्त. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभराला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. जपानची स्वतःची मर्यादा जरा सैल, पुरुषांना साडेसात ग्रॅम. आपल्या पाकिटांवर मीठ नाही, सोडियम लिहिलेलं असतं, त्याला अडीचनं गुणायचं. मॅगीच्या सत्तर ग्रॅमच्या पाकिटाचं उत्तर दोन ग्रॅमच्या आसपास येतं. गुणिले तीन, अधिक मेसचं जेवण, अधिक तळहातावरचं. चार सेमिस्टर मॅथ्स शिकून हा हिशेब मला ओसाकात सुचला.

जाता जाता अजिनोमोटोबद्दल, कारण आल्यापासून सगळे तेच विचारतात. १९०८ साली किकुनाए इकेदा या टोकियोच्या प्राध्यापकानं कोम्बू या समुद्रशेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं. ते टोमॅटोतही असतं. सगळं खापर त्याच्यावर फोडून आपण मिठाला मोकळं सोडतो, असं माझं मत झालंय.

योगायोग असा की इन्स्टंट रामेनचं गावही इकेदाच. ओसाकाच्या उमेदा स्टेशनवरून लोकलनं वीस मिनिटं. तिथलं म्युझियम फुकट आहे, हे कळल्यावर दुसऱ्याच रविवारी गेलो. मोमोफुकु आंदो हा माणूस, १९५७ मध्ये एका बुडालेल्या पतसंस्थेपायी जवळजवळ सगळं गमावून बसला. मग घरामागच्या शेडमध्ये वर्षभर एकटा खटपट करत राहिला. नूडल्स टिकायला हव्यात आणि गरम पाण्यात लगेच शिजायलाही हव्यात. बायको तेंपुरा, म्हणजे त्यांची भजी, तळत होती, तेव्हा उत्तर सापडलं. गरम तेलात पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि मागे बारीक भोकं ठेवून जातं. नंतर गरम पाणी त्याच भोकांतून आत शिरतं. २५ ऑगस्ट १९५८ ला 'चिकन रामेन' बाजारात आलं, तेव्हा आंदो ४८ वर्षांचे. किंमत ३५ येन, उदोनचा ताजा गोळा ६ येनला मिळत असताना! म्हणजे आपलं हे कडकीतलं खाणं जन्माला आलं तेव्हा चैनीचं होतं. ती शेड तिथे पुन्हा हुबेहूब बांधली आहे. कढई, पाट्या, एक सायकल. आमच्या वर्कशॉपपेक्षाही लहान. मी तिथे बराच वेळ उभा होतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी उतरावं लागलेला आणखी एक माणूस माझ्या ओळखीचा होता.

तिथे आपला कप आपण रंगवायचा आणि आत काय भरायचं तेही निवडायचं, असा प्रकार आहे. एकूण ५,४६० तऱ्हा होतात म्हणे. आजूबाजूला सगळी पहिली-दुसरीतली पोरं, आणि त्यांच्यात बसून मी लाल स्केचपेननं लाल डबा काढला. पाटीवर 'गडहिंग्लज – कोल्हापूर', खिडकीत ड्रायव्हर.

घरी आल्यावर तो कप बाबांच्या हातात दिला. त्यांनी आधी बस बघितली. "वायपर ऱ्हायला रं काढायचा," म्हणाले. मग मी कप उलटा करून मिठाचं सांगत बसलो, पाच ग्रॅम, निम्मं सूपमध्ये. बोलता बोलता १४८/९४ पण सांगून टाकलं. केटलचंही सांगितलं. रविवारच्या फोनचं काही बोललो नाही, ते त्यांना आपोआप कळलं असावं.

आई स्वयंपाकघराच्या दारात गप्प उभी. बाबा बराच वेळ कप फिरवत राहिले.

"ह्या एका कपात," ते शेवटी म्हणाले, "लोणच्याच्या फोडी किती बसत्यात रं?"

मी म्हटलं, मोजावं लागेल. तर आईनं खरंच बरणी आणि भिशीच्या सोन्यासाठी घेतलेला छोटा काटा आणून समोर ठेवला.